'मेझांज'च्या तळातली तहान

एक

पाणी पुन्हा उतरलं होतं. पिंपात बुडवायच्या काठीवर आदल्या संध्याकाळी मी सुरीने खूण केली होती, आणि सकाळी पाहिलं तर काठी त्या खुणेच्या बरीच खालपर्यंतच ओली झाली. तळकोठीचं कुलूप जागच्या जागी. दाराशी पहारेकरी. किल्ली माझ्या गळ्यात. मी दोनदा काठी बुडवली, तिसऱ्यांदा बुडवायची हिंमत झाली नाही.

मी 'मेझांज'चा कोठावळा. पीठ, बिस्किटं, खारं मांस, दारू, पाणी हे सगळं माझ्या ताब्यात, आणि म्हणून जहाजावरच्या प्रत्येकाच्या मते मी चोर. कोठावळा म्हटला की हे आलंच. सँ-मालोच्या गोदीत 'मेझांज'चा नुसता सांगाडा उभा होता तेव्हापासून मी तिच्यावर आहे. फ्रान्सच्या राजाच्या आरमारातलं लढाऊ जहाज म्हणायचं आपलं. सारी हयात तिने टपाल पोचवलं, कोळ्यांच्या होड्या राखल्या, एकदा साखरेने भरलेलं इंग्रजांचं व्यापारी जहाज पकडलं आणि उरलेला सगळा काळ इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे पळ काढला. पळण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

या खेपेला त्या पळण्यानेच आमचा घात केला. मार्टिनिक बेटाहून मायदेशी ब्रेस्टला निघालो आणि एक इंग्रज मागे लागला. जहाज हलकं करायचं म्हणून आधी तोफा समुद्रात ढकलल्या, मग जादा नांगर, आणि तरी तो जवळ येतोय म्हटल्यावर पाण्याची पिंपं फोडली. दोन तेवढी ठेवली. इंग्रज मागे पडला. आणि त्याच संध्याकाळी वारा पडला तो पडलाच. शिडं ओल्या धुण्यासारखी लोंबत होती. माणशी दिवसाला एक पेला पाणी, तोही काठोकाठ नाही.

त्यात ताप. पहिला बळी जहाजावरच्या वैद्याचाच गेला. मग एकामागून एक. आमच्याकडे दोन खलाशांत मिळून एक झोळी असते. एक पहाऱ्यावर गेला की दुसरा तिच्यात झोपतो. असे जोडीदार भावापेक्षा जवळचे होतात, नाहीतर एकमेकांचा गळा धरतात. माणूस मेला की त्याला त्याच झोळीत शिवायचं, पायाशी तोफेचा गोळा बांधायचा आणि सोडून द्यायचं. सुताराचा मदतनीस गेला तेव्हापासून त्याचा जोडीदार दोरांच्या ढिगावर झोपायचा आणि उठल्याबरोबर पाठीच्या नावाने शिव्या घालायचा.

मी काठी घेऊन कप्तान केनोंकडे गेलो. त्यांनी ती पाहिली आणि डोळे मिटले.

"किती जणांना कळलंय?"

"सगळ्यांना, साहेब. माझं तोंड बघून कळतं."

"तांगीला बेड्या घातल्यात," ते म्हणाले. "मोक्लेरने. त्याची बाही ओली सापडली."

दोन

तांगी म्हणजे आमचा म्हातारा तोफची. तोफा समुद्रात गेल्यावर त्याला काम उरलं नव्हतं, म्हणून तळकोठीच्या दारावर मीच त्याला बसवला होता. आता तो डोलकाठीला टेकून बसला होता आणि भोवती खलाशी उभे होते. कोणी ओरडत नव्हतं. ओठ इतके फुटले होते की ओरडणं परवडत नव्हतं.

"कोठावळे," तांगी मला म्हणाला, "तुमच्या त्या दाराच्या लोखंडी पट्टीला पहाटे दव धरतं. ते मी बाहीने टिपतो आणि बाही चोखतो. हा गुन्हा असेल तर घाला गोळी."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तेही मोजून वाटलं असतंत."

एरवी मी हसलो असतो. नौदलातले छोटे साहेब मोक्लेर पुढे आले. चांगल्या घराण्यातले, विशीतले, उन्हाने नाक सोललेलं. "किल्ली कोठावळ्याकडे, दार तांगीकडे," ते म्हणाले. "तिसरा माणूस आहेच कुठे? दोघांपैकी एक तरी आहे, नाहीतर दोघंही."

खलाशांच्या माना माझ्याकडे वळल्या.

कप्तानांनी मला बाजूला घेतलं. "फिर्मां, या लोकांना चोर हवाय. मी दिला नाही तर ते स्वतः शोधतील, आणि तो तू असशील. सूर्य बुडायच्या आत मला खरा माणूस आणून दे. नाहीतर तांगीला बंदुकांपुढे उभा करावा लागेल."

"तांगीने नाही चोरलं, साहेब."

"मलाही तसंच वाटतं. म्हणून तर तुला सांगतोय. ते सगळे तुला चोर म्हणतात ना, मग तुझ्याइतकी चोराची अक्कल कोणाला असणार?"

मी एक गोष्ट मागून घेतली. दुपारी सगळ्यांना वर बोलवा, झाडून सगळ्यांना, आजाऱ्यांनासुद्धा उचलून आणा, आणि हजेरी घ्या. मी आधी पाणी मोजतो, दाराला कुलूप घालतो, हजेरी संपली की पुन्हा मोजतो. चोर वर असेल तर पाणी हलणार नाही.

हजेरी झाली. एकूण एक जिवंत माणूस माझ्या डोळ्यांसमोर उन्हात उभा होता. तांगी बेड्यांत, मोक्लेर कप्तानांच्या शेजारी, मी किल्ली मुठीत धरून. हजेरी संपली तसा मी खाली उतरलो, काठी बुडवली.

पाणी उतरलं होतं.

तीन

"हे मी लोकांना सांगू?" कप्तान हलक्या आवाजात म्हणाले. "की सगळे जिवंत वर होते आणि खाली कोणीतरी पाणी पीत होतं?"

सांगायची गरजच पडली नाही. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचे आमचे खलाशी माझ्या चेहऱ्यावरून समजले. जे समुद्रात जातात ते तहानलेले परत येतात, असं ते म्हणायला लागले, आणि प्रत्येक जण मेलेल्यांची नावं घेऊ लागला. त्यात सगळ्यात जास्त वेळा नाव निघालं एर्वेचं.

एर्वेची गोष्ट सांगायलाच हवी. मार्टिनिकला मोक्लेरांनी एका तापकऱ्या माणसाला शिक्षा म्हणून डोलकाठीवर चढवलं. तो वरून पडला आणि मेला. त्याच क्षणी एर्वेने मोक्लेरांच्या थोबाडीत दिली. अधिकाऱ्यावर हात उचलला की शिक्षा एकच, आणि ती ब्रेस्टला पोचल्यावर मिळणार होती. त्याला बेड्या घालून जहाजाच्या पुढच्या टोकाशी ठेवला. पुढे त्यालाही ताप आला, बेड्या काढल्या, आणि वारा पडला त्याच दिवशी तो गेला. त्याचं सगळं त्याच्या जोडीदाराने केलं, गुलवेनने. तापाच्या भीतीने दुसरं कोणी जवळ गेलं नाही. आम्ही नाकाला व्हिनेगरचं फडकं लावून लांब उभे राहिलो, कप्तानांनी प्रार्थना म्हटली, फळी कलंडली, पाणी उडालं. मोक्लेरांनीसुद्धा टोपी काढली होती.

तळकोठीला कुलूप मी दुसऱ्या दिवशी लावलं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. भूत असतं तर आधी कोठावळ्याला धरलं असतं. मी माणसांना प्रश्न विचारत फिरलो. शिडं शिवणारा जिल्दास आपलंच रडगाणं घेऊन बसला.

"तुम्ही पाण्याचा चोर शोधताय, माझा चोर कोण शोधणार? जुन्या शिडाचा चांगला चादरीएवढा तुकडा गेला माझा. विजारी शिवल्या असतील कोणीतरी."

"कधी गेला?"

"आता काय सांगू? या उन्हात दिवस कोण मोजतंय."

तिथून मी गुलवेनकडे गेलो. त्याचा पहारा नव्हता. तो खालच्या मजल्यावर झोळीत पडला होता, डोळे उघडे. धिप्पाड माणूस, पण गालांची हाडं वर आली होती.

"तुझं तळकोठीत जाणं-येणं असायचं," मी म्हटलं. "पिंपं रचायला."

"कुलूप लागायच्या आधी."

"त्यानंतर?"

"त्यानंतर तुम्ही कोणाला जाऊ देता?" तो छताकडे बघत राहिला. "तांगीला खरंच मारणार?"

"सूर्य बुडल्यावर."

"पण त्याने चोरलं नाही."

"तुला काय माहीत?"

"तो तसला माणूस नाही." मग पुन्हा, "खरंच मारणार?"

मी वर आलो. पश्चिमेकडे बघायची भीती वाटत होती. हातात काही नव्हतं, शिडाचा एक हरवलेला तुकडा सोडून. दोरांच्या ढिगावर सुताराच्या मदतनिसाचा जोडीदार कुशी बदलत होता. "पाठ मोडली माझी," तो मला म्हणाला. "कोठावळे, एखादी झोळी द्या की हो. मेलेला गेला तो गेला, माझं अंथरूण घेऊन गेला."

मी जागच्या जागी उभा राहिलो. मग उलट्या पावली खाली धावलो.

चार

गुलवेन अजून तसाच पडला होता. मी झोळीच्या कापडावर हात ठेवला.

"ही कोणाची?"

"माझी."

"आणि?"

त्याने झोळीची कड मुठीत धरली.

"दोघांत एक झोळी," मी म्हटलं. "एर्वे मेला, तर त्याच्याबरोबर ही जायला हवी होती. तू फळ्यांवर झोपायला हवा होतास. जिल्दासच्या शिडाचा तुकडा गेला कुठे ते मला आता कळलं. आत काय शिवलंस? वाळू?"

"वाळू आणि खारं मांस," तो म्हणाला. "नासलेलं. तुम्हीच फेकायला दिलं होतंत."

"तो खाली आहे."

"हो."

"कुलूप बाहेरून, चोर आत. पिंपाला मागून भोक पाडलंय त्याने?"

"बारीक. खुंटी मारलीये. मी गिरमीट दिलं होतं आणि बिस्किटांची पिशवी. दोन दिवसांत वारा येईल, जमीन दिसली की पोहून जाईल, असं ठरलं होतं. मग तुम्ही कुलूप लावलंत. मला जाता येईना आणि त्याला येता येईना." तो उठून बसला. "जास्त पीत नाही तो, कोठावळे. तुम्ही बघताय ना. मरणार नाही इतकंच."

मला एकच गोष्ट कळत नव्हती. इतकं सगळं जुळवलं, मग झोळी का ठेवली? ती शिवली असती तर जन्मात कोणाला पत्ता लागला नसता.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान मूल होतो. "जिवंत माणसाची झोळी समुद्रात टाकू? समुद्र माणूस ओळखतो तो त्याच्या अंथरुणाच्या वासावरून. झोळी मिळाली की मागाहून माणसाला न्यायला येतो. मी त्याला वाचवायला निघालो होतो."

मी नान्तचा, शहरातला. पण इतकी वर्षं या लोकांत काढली आहेत की हसू आलं नाही. अधिकाऱ्यांना फसवायला तो भ्याला नव्हता. कप्तानांना वाळूवर प्रार्थना म्हणायला लावायला भ्याला नव्हता. तेवढ्या एका गोष्टीला भ्याला.

"मी सांगतो पाणी मीच चोरलं," गुलवेन म्हणाला. "मला उभा करा."

"तुझ्याकडे किल्ली नाही, आणि हजेरीला तू माझ्यासमोर उभा होतास. कोण विश्वास ठेवणार?"

"मग काय करू? तुम्ही सांगा. एकाला वाचवला तर दुसरा मरतो. सकाळपासून मी हेच करतोय, एकदा याला मारतोय, एकदा त्याला."

"मी वर जाऊन सांगणार आहे, गुलवेन. तू आधी सांगितलंस तर बरं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्याची दया आली, आणि तरी मी निघालो. तेवढ्यात वर ढोल वाजायला लागला. सूर्य बुडायचा होता अजून, पण मोक्लेरांना धीर नव्हता.

तांगीला डोलकाठीशी उभा केला होता. डोळे बांधायला त्याने नकार दिला. चौघे बंदुका घेऊन समोर उभे होते. मोक्लेर शिक्षा वाचत होते, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावी म्हणून.

"साहेब, थांबा," मी ओरडलो.

माझा आवाज कोणी ऐकला नाही, कारण त्याच वेळी सगळ्यांना दुसरा आवाज ऐकू आला होता. तळकोठीच्या दारावर कोणीतरी आतून ठोठावत होतं.

पाच

खलाशी गुडघ्यांवर बसले. मी किल्ली काढली. कुलूप लवकर उघडेना.

एर्वे रांगत वर आला. उजेडाने त्याचे डोळे बंद झाले होते. "तांगीने नाही," तो म्हणाला. "मी प्यायलो. त्याला सोडा."

गुलवेन त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. मी काय काय कळलं ते थोडक्यात सांगितलं. झोळीचं सांगितलं तेव्हा ब्रिटनीच्या खलाशांनी नुसत्या माना हलवल्या. त्यांना ते अगदी सरळ वाटलं.

"आता दोन गुन्हे झाले," मोक्लेर म्हणाले. "बंदुका तयारच आहेत."

कप्तान केनो एर्वेकडे बघत होते. "या माणसाची अंतिम प्रार्थना मी म्हटली आहे," ते म्हणाले. "मी स्वतः पुरलेल्या माणसाला पुन्हा मारत नाही. तांगीच्या बेड्या काढा."

तांगीच्या बेड्या उतरल्या. कप्तान पुढे म्हणाले, "पण मेलेल्याला पाणीही मिळत नाही. आहे ते जिवंतांनाच पुरत नाही. कोणाला द्यायचं असेल त्याने आपल्यातलं द्यावं."

त्या संध्याकाळी मी पाणी वाटलं. तांगीचा पेला मी थोडा जास्त भरला. एर्वे समोरच बसला होता. तांगीने पेला घेतला, एर्वेकडे बघितलं, आणि शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला. त्याला बोल लावायला माझी जीभ रेटणार नाही. आयुष्याचा शेवटचा समजून तो सगळा दिवस त्याने त्या डोलकाठीशी घालवला होता.

गुलवेनने आपला पेला अर्धा केला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. पुढे पुढे तो अर्ध्याहून जास्त द्यायला लागला. एर्वे तोंड फिरवायचा तेव्हा तो म्हणायचा, "पी रे, मला आज तहान नाही." असलं खोटं मी इतक्या शांतपणे बोललेलं कधी ऐकलं नाही. मी एकदा माझ्यातलं थोडं त्याच्या पेल्यात ओतलं. एकदाच. मला जगायचं होतं.

वारा आला तो पहाटे, नैर्ऋत्येकडून, पावसाचा वास घेऊन. सगळे तोंडं उघडून उभे राहिले, शिडं पिळून पाणी प्यायले. गुलवेन त्यांच्यात नव्हता. एर्वे त्याच्या तोंडात ओली चिंधी पिळत बसला होता आणि ते पाणी ओठांवरून खाली ओघळत होतं.

गुलवेनला समुद्रात सोडल्यावर कप्तानांनी मला बोलावलं. "एर्वेचं नाव मी यादीतून आधीच खोडलंय," ते म्हणाले. "या दोघांत मेला एकच माणूस. खोडलेलं नाव एकच. गुलवेनचं खोडायची मला गरज दिसत नाही. तुला दिसते?"

"नाही, साहेब."

"ब्रेस्टला मी गप्प बसणार नाही," मोक्लेर म्हणाले.

"बोला," कप्तान म्हणाले. "तो तुमचा हक्क आहे."

आणि ते बोलले. ब्रेस्टला आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा 'मेझांज'ची अवस्था अशी होती की तिला पुन्हा समुद्रावर पाठवायचं नाही, हे बघताक्षणी ठरलं. गलबत आल्याची बातमी गावोगाव गेली होती, धक्क्यावर बायकामाणसांची गर्दी होती. बंदराचा अधिकारी एकेक नाव पुकारत होता. "गुलवेन केरद्रां," तो म्हणाला, आणि गुलवेनचा शर्ट घातलेला एर्वे फळीवरून खाली उतरला.

"हा गुलवेन नाही," मोक्लेर म्हणाले. "गुलवेन मेला. हा एर्वे आहे, आणि याची जागा तुरुंगात आहे."

अधिकाऱ्याने कप्तानांकडे पाहिलं. कप्तान म्हणाले, यादी माझ्या हातची आहे. खलाशांना विचारलं. सगळे म्हणाले, गुलवेनच. तांगीसुद्धा म्हणाला. पण एका सरदारपुत्राचा शब्द मोडायचा म्हणजे अधिकाऱ्यालाही जड जात होतं. दोन शिपाई एर्वेच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

एवढ्यात गर्दीतून एक बाई वाट काढत आली, पांढरी टोपी, पायांत लाकडी जोडे. "नाव ऐकलं मी," ती धापा टाकत म्हणाली. "गुलवेनचं नाव ऐकलं. मी त्याची आई."

"हे बरं झालं," अधिकारी म्हणाला. "आईची नजर चुकत नाही. ये बाई, बघ. हा तुझा मुलगा का?"

ती एर्वेसमोर उभी राहिली. मग त्याच्या खांद्यावरून मागे, फळीकडे बघितलं. फळीवरून आता कोणी उतरत नव्हतं. मी कठडा धरून उभा होतो आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. एर्वेने मान खाली घातली होती. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि बोलला नाही तेच बरं असंही वाटलं.

तिने हात पुढे करून त्याच्या बाहीची शिवण चाचपली. शिवण तिच्याच हातची असणार. बोटं त्या टाक्यांवरून मनगटापर्यंत गेली, परत वर आली. शिपाई वाट बघत होते.

"बाई, हो की नाही?"

"हो," ती म्हणाली. "माझाच आहे. फार वाळलाय."

अधिकाऱ्याने पुढचं नाव पुकारलं. मोक्लेरांनी पाठ फिरवली. तिने एर्वेचा दंड धरला आणि त्याला ओढत चालायला लागली. गर्दी संपून रस्ता लागेपर्यंत ती ताठ चालत होती. मग वळणावरच्या भिंतीशी थांबली, आणि तिथे एर्वेला तिला सावरून धरावं लागलं.